मुलाच्या हाती आरसा द्या



दीक्षा आपण घेतली. बावीस प्रतिज्ञा आपण उभे राहून म्हटल्या, देव्हारे आपण काढले. हे सारे आपण समजून-उमजून केले. परंतु दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन त्याचे टोमणे कोणी ऐकले? आपल्या तिसरी-चौथीतल्या लेकरांनी ऐकले. "देव सोडले म्हणून जात सुटली का रे?" "आले बघा सरकारचे जावई!" आडनाव ऐकताच एकमेकांना डोळे घालणे, डबा खाताना हळूच सरकून बसणे, हे तर बोलण्याच्याही पलीकडचे. मग एके दिवशी पोर दप्तर टाकते आणि विचारते, "आई, आपण खरंच हलके आहोत का?"

या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, ते आज तपासू या. कारण त्या उत्तरातच आपला धम्म आहे किंवा नाही, हे ठरते.

कोणी म्हणतो, लक्ष देऊ नकोस. कोणी म्हणतो, तूही दोन ठेवून दे. या दोन्हींविषयी फार लिहायला नको. पहिल्याने पोर एकटे पडते, दुसऱ्याने उद्या तेच गुन्हेगार ठरते. तिसरे उत्तर मात्र आपल्या सर्वांच्या आवडीचे आहे. "अरे, आपण नागवंशी! ही भूमी आपली होती. ते आपल्यापुढे कोण?" या जिल्ह्यात तर याला पुरावाही हाताशी आहे. आपल्याच जिल्ह्यातले तेर, म्हणजे प्राचीन तगर. तिथले विटांचे त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्य होते असे अभ्यासक मानतात. मुलांना तेर अवश्य दाखवावे. आपला इतिहास पुसला गेला होता, तो मुलाला कळलाच पाहिजे. नागपूर का निवडले हे सांगताना खुद्द बाबासाहेबांनीही नाग लोकांची आठवण काढली होती.

परंतु विचार करा. "आपण उंच" हे शिकलेले मूल दुसऱ्या दिवशी वर्गात जाते. तिथे एखादे पारध्याचे पोर बसलेले असते. फाटका सदरा, अंघोळ नाही, वाचता येत नाही. आणि काल ज्याला चिडवले, तेच आपले लेकरू आज त्याला "चोर" म्हणून हाक मारते! असे होतच नाही, असे छातीवर हात ठेवून आपल्यापैकी किती जण सांगतील? बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ते यासाठीच. वर गेलो तर मान आणि खाली उतरलो तर तुच्छता, अशी ही उतरंड आहे. प्रत्येकाला पायाखाली कोणीतरी हवा असतो, म्हणून ती मोडत नाही. वंशाच्या अभिमानावर उभा केलेला स्वाभिमान त्याच उतरंडीची एक पायरी मागतो. भगवंतांनी तर मी श्रेष्ठ, मी हीन आणि मी बरोबरीचा, या तिन्ही मोजमापांना 'मान' हे एकच नाव दिले आणि मनातून काढायला सांगितले. माणसे समान आहेत ही आपली प्रतिज्ञा आहेच. पण दिवसभर स्वतःला दुसऱ्याशेजारी उभे करून मापत बसणे हा एक रोग आहे.

मग मुलाला काय द्यावे? सुभेदार रामजींनी काय दिले ते पाहा. साताऱ्याच्या शाळेत भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नसे. अशा मुलाला बापाने वंशाच्या बढाया सांगितल्या नाहीत. लेकींचे दागिने गहाण ठेवून पुस्तके आणली, पहाटे उठवून अभ्यासाला बसवले. आणि परीक्षा पास झाल्यावर वस्तीने सत्कार करायचे ठरवले, तेव्हा हाच बाप आडवा आला. मुलाच्या डोक्यात हवा जाईल, त्याने एक परीक्षाच तर पास केली आहे, असे त्याचे म्हणणे पडले. शेवटी दादा केळुस्करांनी समजूत घातली, सभा झाली आणि केळुस्करांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावाच्या हाती आले. ही हकीकत बाबासाहेबांनीच लिहून ठेवली आहे. रामजींचे ते अडणे मला फार मोलाचे वाटते. मुलासाठी सर्वस्व द्यायचे आणि तरी त्याला फुगवायचे नाही, हे सोपे नाही.

खुद्द बुद्धांनी राहुलाला काय शिकवले? राजगृहाजवळ अंबलठ्ठिकेत त्यांनी पोटच्या पोराला विचारले, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, पाहण्यासाठी. तसेच आपले काम करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर पाहत जा, असे ते म्हणाले. त्याने स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होते का? हा उपदेश सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात वाचण्यासाठी सुचवलेला आहे. एवढ्या राजकुळात जन्मलेल्या मुलाला बापाने कुळाचे नाव सांगितले नाही, आरसा दिला. चिडवणाऱ्याचे तोंड हाही एक आरसाच आहे, पण तो वाकडा. मुलाने त्यात तोंड पाहू नये, म्हणून त्याच्याजवळ स्वतःचा हवा.

शिव्यांचे काय, असे तुम्ही विचाराल. भारद्वाज नावाच्या ब्राह्मणाने बुद्धांना शिव्या दिल्या तेव्हा त्यांनी विचारले, पाहुण्याने जेवण घेतले नाही तर ते कोणाचे? घरधन्याचेच. तेरखेड्याच्या लेकरांना हे आणखी लवकर समजेल. फटाक्यांसाठी वाशी तालुक्यातले हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. वातीला विस्तव लावणारा मागे पळतो आणि कानांवर हात ठेवून बार होण्याची वाट पाहतो. बार झाला नाही तर त्याची सगळी गंमत जाते. मात्र हे सांगून आपण मोकळे होऊ नये. बुद्ध बुद्ध होते. आपले पोर नऊ वर्षांचे आहे. ताट नाकारण्याचे बळ त्याला एकट्याला येत नाही, शेजारी कोणी बसावे लागते.

म्हणून शाळेत जा. हेडमास्तरांना भेटा, चिडवणाऱ्या मुलाच्या बापालाही शांतपणे भेटा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. चारचौघांत मोठ्या माणसाने जातीवरून जाणूनबुजून अपमान केला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तक्रार करणे हे मैत्रीच्या विरुद्ध नाही. द्वेषाने करणे विरुद्ध आहे. आणि "सरकारचा जावई" या टोमण्यावर मुलाला खरी गोष्ट सांगा. १९५६ साली आपली माणसे बौद्ध झाली, तेव्हा केंद्र सरकारच्या सवलती त्यांनी गमावल्या. त्या १९९० साली परत मिळाल्या. चौतीस वर्षे नुकसान सोसून ज्यांनी धम्म धरला, त्यांची ही नातवंडे आहेत.

रात्री जेवताना मुलाला विचारा, आज कोणी चिडवले का? त्याला पुरते बोलू द्या, मध्येच उपदेश नको. मग दुसरा प्रश्न विचारा, आज तू कोणाला चिडवलेस का? पहिले काही दिवस ते खाली पाहील. आणि रविवारी विहारात येताना त्या पारध्याच्या पोरालाही सोबत आण म्हणावे. वंदनेनंतर दोघांना एकाच पाटीवर बाराखडी गिरवायला बसवा.