पडद्यावरचे चित्र आणि त्यावरचा शेरा

चित्रावर दिलेल्या शेऱ्याचा परिणाम चित्रापेक्षा चित्र काढणाऱ्यावर अधिक होतो. तो पुन्हा काढायला बसेल की नाही हे त्या शेऱ्यावर ठरते, आणि बसलाच तर हात कुठे वेगळा चालवायचा हेही. डिजिटल चित्रकलेत यातली दुसरी बाजू बरीच बदलली आहे. जलरंगातला आकाशाचा वॉश एकदा वाळला की त्यावरचा सल्ला पुढच्या कागदालाच उपयोगी पडतो. पडद्यावर रेघ एका लेयरवर, रंग दुसऱ्यावर, सावली तिसऱ्यावर असते आणि कोणतीही कृती क्षणात मागे घेता येते. त्यामुळे सल्ला त्याच चित्रावर, त्याच संध्याकाळी करून पाहता येतो आणि पटला नाही तर काढूनही टाकता येतो. सल्ला देणाऱ्याचे काम यामुळे सोपे होत नाही. नुसती चूक दाखवून त्याची सुटका होत नाही. लगेच करून पाहता येईल असे काहीतरी त्याने सांगायला हवे.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत असे काम करणारे ढोबळमानाने दोन प्रकारचे आहेत. एक फ्लेक्सच्या दुकानातला डिझायनर. वाढदिवस, यात्रा, बैलगाडा शर्यत, निवडणूक, श्रद्धांजली यांचे फलक तो फोटोशॉप नाहीतर कोरलड्रॉमध्ये करतो, फोटोची कटिंग करतो, गिऱ्हाइकाने पाठवलेले मॅटर बसवतो. तो स्वतःला चित्रकार म्हणवत नाही आणि कलेवर लिहिणारेही त्याला मोजत नाहीत. पण तालुक्यात सर्वांत जास्त पाहिले जाणारे डिजिटल काम त्याचेच असते. दुसरा प्रकार शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींचा. यांच्याकडे महागडा टॅबलेट क्वचितच असतो. मोबाइलवर आयबिस पेंटसारखे ॲप उतरवून बोटाने, फार तर साध्या स्टायलसने काम चालते. कलामहाविद्यालय म्हटले की बहुतेकांना पुण्याकडे पाहावे लागते, म्हणून चित्र पाहून बोलणारा माणूस हाच यांच्याजवळचा सर्वांत दुर्मीळ माल ठरतो.

शाळेत शिकताना जो अधिकृत अभिप्राय मिळतो तो श्रेणीचा. राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांनी ग्रामीण भागात चित्रकलेला रंगपेट्या, तासिका आणि थोडी प्रतिष्ठा मिळवून दिली, हे मान्यच करायला हवे. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळू लागल्यावर घरचा विरोधही सैल झाला. पण निकालात कळते ते ए, बी किंवा सी एवढेच. वस्तुचित्रातला घडा कलला होता, की संकल्पचित्रातले रंग मळले होते, की स्मरणचित्रातली माणसे जमिनीवर टेकलीच नव्हती, हे त्या अक्षरातून समजत नाही. मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेला इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवरचा प्रयोग इथे आठवावा असा आहे. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी शेरा, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांचे काम सुधारले आणि त्यांची गोडीही टिकली. दोन्ही मिळालेल्यांना मात्र शेऱ्याचा तसा लाभ झाला नाही. गुण दिसला की लक्ष तिकडेच जाते. मोबाइलवर चित्राखाली दिसणारा पसंतीचा आकडा हा असाच गुण आहे, आणि त्याखाली कोणी चार ओळी मन लावून लिहिल्या असल्या तरी तो त्यांच्या आधी वाचला जातो.

आकड्याखालोखाल येते कौतुक. ‘एक नंबर’, ‘लय भारी’, ‘विषय हार्ड’ ही दाद खोटी नसते. ज्याच्या घरात चित्र काढणे म्हणजे वेळ घालवणे समजले जाते त्याला ती धरूनही ठेवते. तिची अडचण एवढीच की ती दहाव्या चित्राला आणि पहिल्या चित्राला सारखीच लागू पडते. त्याहून अवघड प्रकार ‘हाताला देवाची देणगी आहे’ या प्रशंसेचा. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली मांडलेल्या प्रयोगांत हुशारीबद्दल वाखाणलेली मुले पुढे अवघड प्रश्नांत अडल्यावर लवकर खचली. मेहनतीबद्दल वाखाणलेली टिकून राहिली. देणगी असलेल्या हाताकडून घोड्याचे पाय चुकले, तर देणगीच खोटी ठरते. मग घोडाच काढायचा नाही हा सोपा मार्ग उरतो. क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६ साली अभिप्रायाविषयीचे सहाशेहून अधिक निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्रायानंतर काम बिघडले होते. कामावरचे लक्ष उडून ते स्वतःच्या लायकीवर गेले की असे होते, असा त्यांचा अर्थ. तेव्हा उत्तेजन गोड शब्दांत असते ही समजूत तपासूनच घ्यावी लागते.

कठोर वाटणारा शब्द उत्तेजक कसा ठरतो, याचे महाराष्ट्राशी जोडलेले उदाहरण सय्यद हैदर रझा यांचे आहे. नागपूरच्या कला विद्यालयात आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले रझा १९४८ साली काश्मीरमध्ये चित्रे काढत होते. तिथे फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांचे काम पाहिले. अंगात गुण आहे, पण चित्रांना बांधणी नाही, चित्रकार सेझानचा अभ्यास करावा, असे त्यांनी सुचवले. रझांनी ते मनावर घेतले आणि १९५० साली ते पॅरिसला शिकायला गेले. या सल्ल्यात कौतुक जेमतेम आहे. उणीव एकच दाखवली आहे, आणि ती कुठे पाहून भरून काढायची त्याचे नाव दिले आहे. मात्र ऐकणारा सव्वीस वर्षांचा, मुंबईत नाव होऊ लागलेला चित्रकार होता. हेच वाक्य आठवीतल्या मुलाला ऐकवले तर ‘बांधणी’ म्हणजे काय हे न कळताच त्याचा मोबाइल खिशात जाईल.

म्हणून वयाला आणि तयारीला शोभेल असा सल्ला कसा असतो ते एका कल्पित चित्रावर पाहिलेले बरे. शिरूर तालुक्यात उसातला बिबट्या ही ऐकीव गोष्ट राहिलेली नाही. समजा, एका मुलीने मोबाइलवर उसातून बाहेर पाहणारा बिबट्या काढला आहे. अंगावरचे सगळे ठिपके एकाच ब्रशने, एकाच मापाचे ठोकले आहेत. सावलीला सरळ काळा रंग वापरला आहे. उसाचे प्रत्येक पान सारख्याच ठळकपणे रेखाटले आहे. आधी पाहणाऱ्याने जे दिसते ते सांगावे: डोळे प्रथम दिसतात, पाठीची रेघ एका दमात आली आहे. हे कौतुकच आहे, पण चित्राकडे बोट दाखवून केलेले. मग विचारावे, बिबट्या भीतिदायक वाटायला हवा होता की लपलेला? उत्तर ‘लपलेला’ असे आले तर उसाच्या आणि त्याच्या रंगातला फरक कमी करण्याचा विषय आपोआप निघतो, आणि तो तिचा विषय होतो. त्यानंतर एकच गोष्ट करायला द्यावी. नवा लेयर घ्यावा, कुशीवरचे ठिपके तुटक कड्यांसारखे काढावेत, डोक्यावर आणि पायांवर ते लहान व भरीव ठेवावेत, अंग जिथे वळते तिथे अरुंद करावेत. तेवढ्याने पोटाला गोलाई येते. काळी सावली आणि उसाची पाने आज सोडून द्यावीत. एका दमात सात चुका सांगणाऱ्याला आपण बारकाईने पाहिल्याचे समाधान मिळते, ऐकणारीच्या हाती मात्र एकही लागत नाही.

अमेरिकेतल्या नृत्यरचनाकार लिझ लर्मन यांनी १९९० साली अभिप्रायाची एक पद्धत बसवली, तिचा क्रम याच्याशी मिळताजुळता आहे. आधी कामात काय भावले ते पाहणाऱ्यांनी सांगायचे, मग कलावंताने प्रश्न विचारायचे, मग पाहणाऱ्यांनी मत न लादता विचारायचे, आणि मत अखेरीस, तेही परवानगी घेऊन. दौंडच्या शाळकरी मुलांत एवढा शिष्टाचार नाटकी वाटेल, ‘सांगू का?’ एवढे विचारले तरी काम भागते.

सांगण्याऐवजी करून दाखवावे, ही मराठी चित्रशाळेची जुनी सवय. व्यक्तिचित्राच्या प्रात्यक्षिकाला इथे अजूनही गर्दी होते. त्याच सवयीचे वाईट रूप म्हणजे मुलाच्या हातातली पेन्सिल घेऊन त्याच्याच कागदावर नाक दुरुस्त करणारे गुरुजी. नाक सुधारते, पण ते मुलाचे राहत नाही. डिजिटल चित्रात निदान मूळ जपता येते: दुरुस्ती वेगळ्या लेयरवर, विचारून आणि एकाच जागी करावी, चित्रकाराने ती पाहून लपवावी आणि स्वतःच्या हाताने पुन्हा काढावी. आयबिस पेंट आणि प्रोक्रिएट चित्र घडतानाची चलचित्रफीतही नोंदवतात. तिचा उपयोग दाखवण्यापुरताच होतो ही दुर्दैवाची गोष्ट. चेहरा बिघडला तो डोळ्यांच्या पापण्या आधी काढून कवटी नंतर बसवल्यामुळे, हे तयार चित्रात दिसत नाही, फितीत दिसते.

काही सूचना मात्र कोणालाही, कधीही द्याव्यात अशा आहेत. चित्र आडवे उलटवून पाहिले की कललेला चेहरा ताबडतोब उघडा पडतो. रंग काढून करड्या छटांत पाहिले की उजेड-अंधाराची मांडणी कळते. बोटांनी चित्र लहान करून टपाल तिकिटाएवढे पाहावे. बारीक काम करताना मोबाइलवर चित्र इतके मोठे केले जाते की नाकपुडी सुरेख होते आणि नाक कानापाशी जाते.

फ्लेक्सच्या डिझायनरला लागणारा सल्ला वेगळा, कारण त्याचे काम पुणे–अहिल्यानगर किंवा पुणे–सोलापूर रस्त्यावरून धावत्या गाडीतून वाचले जाते. जागा भरण्यासाठी अक्षर आडवे ताणले की काना जाडावतो, शिरोरेषा तेवढीच राहते आणि सगळा शब्द बसका होतो. ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. ‘डिझाइन हलके वाटते’ असे म्हणण्यापेक्षा ‘अक्षर न ताणता मोठे कर, चार फोटो कमी कर’ असे सांगावे. अर्थात फोटो कमी करणे त्याच्या हातात नसते. फलकावर कोणाचा फोटो कोणाच्या वर असावा हे गिऱ्हाईक ठरवते, आणि त्यात कलेचा संबंध नसतो.

शिरूर तालुक्यातच पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात, शेरा देणारा माणूस नसला तरी शेरा मिळतो. ‘करता करता शिकणे’ हे तिथले तत्त्व. अमेरिकेतल्या एमआयटीच्या साहाय्याने २००२ साली तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकावरच्या आकृतीवरून वस्तू बनवण्याची कार्यशाळा, उभी राहिली. संगणकावर काढलेली आकृती यंत्राने प्रत्यक्ष कापायची असली की प्लायवूडच बोलते. ‘व’ किंवा ‘ब’च्या पोटातला तुकडा गळून पडतो, नको तितकी बारीक नक्षी मोडते, न जुळलेली रेघ अर्धवट कापली जाते. अशा वेळी शिकवणाऱ्याने चूक सांगायची गरजच नसते. तुकडा का पडला आणि अक्षराला पूल कुठे ठेवायचा, एवढाच प्रश्न उरतो.

अवघड प्रसंग येतो तो फोटोवरून गिरवलेल्या चित्राचा. रेघेची जाडी सगळीकडे सारखी, डोळे अचूक आणि हात मात्र कच्चे, यावरून ते बहुधा ओळखू येते. सर्वांदेखत ‘हे ट्रेस आहे’ म्हणणे म्हणजे त्या मुलाला चित्रकलेतून उठवणेच; गप्प बसणे म्हणजे त्याला तिथेच सोडणे. कोणता फोटो वापरला, हे सरळ आणि एकट्यालाच विचारावे. गिरवणे हा जुना आणि उपयोगी सराव आहे, त्याला स्वतःची निर्मिती म्हणू नये इतकेच. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्राबाबत रेघेचा सल्ला देण्यात अर्थ नाही. काय मागितले, काय निवडले, काय टाकले, यावरच बोलता येते. गिरवणाऱ्याला मात्र पुढचे पाऊल देता येते. तोच फोटो खाली न ठेवता शेजारी ठेवून चित्र पुन्हा काढावे, मग फोटो अर्धपारदर्शक करून त्यावर ठेवावा. कपाळ किती आखूड झाले, डोळा किती सरकला, हे चित्रकारालाच दिसते. असे काही वेळा झाले की त्याचे विचारणेही बदलते: ‘कसे झाले?’ याऐवजी तो विचारतो, ‘डावा खांदा वर चढलाय का?’