प्रतिसृष्टीतील दुष्टत्व

कल्पित समाज उभारणाऱ्या लेखकाची नैतिक जबाबदारी वास्तववादी कादंबरीकाराच्या तुलनेने सौम्य असते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. वास्तववादी लेखकाला निसर्ग आणि इतिहास आयते लाभतात. अद्भुतकथेच्या लेखकाला ते घडवावे लागतात. म्हणूनच त्याच्या प्रतिसृष्टीत जे 'स्वभावतः' असते, तो त्याचाच निर्णय असतो.

जे. आर. आर. टोल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या कादंबरीतील ऑर्क ही जमात या संदर्भात विचारात घेण्याजोगी आहे. दुष्ट शक्ती स्वतः काही निर्माण करू शकत नाही, असलेल्याची केवळ विकृती करू शकते, ही टोल्किन यांची धर्मश्रद्धेशी निगडित धारणा. कादंबरीत फ्रोडोही तेच सांगतो. मग ऑर्क मुळात कोणीतरी वेगळे असले पाहिजेत आणि त्यांच्या उद्धाराची शक्यता तत्त्वतः नाकारता येत नाही. प्रत्यक्षात मात्र हेल्म्स डीपच्या लढाईत शरण आलेल्या माणसांना जीवदान मिळते, ऑर्कांपैकी एकही वाचत नाही. गिम्ली आणि लेगोलस यांच्यात तर कोणी किती मारले याची चढाओढ चालते. ४२ आणि ४१ या आकड्यांवर ती संपते. शत्रुपक्षाच्या एका मृत माणसाकडे पाहून, हा खरोखरच दुष्ट होता का, असा प्रश्न सॅमला पडतो. ऑर्काच्या प्रेताबाबत तो कोणालाच पडत नाही.

आणि तरीही हे ऑर्क बोलतात. शाग्रात आणि गोर्बाग वरिष्ठांविषयी कुरकुरतात; युद्ध संपल्यावर चार विश्वासू साथीदार घेऊन, धनी नसलेल्या ठिकाणी निघून जाण्याचे बेत करतात. त्या बेतात लुटीची हाव आहे, हे खरे. परंतु स्वातंत्र्याची आकांक्षाही आहे. भविष्याची कल्पना करणारा जीव निव्वळ यंत्र राहत नाही.

या पेचाने टोल्किन यांनाही अस्वस्थ केले होते. १९९३ मध्ये 'मॉर्गॉथ्स रिंग' या खंडात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या उत्तरकालीन टिपणांत ऑर्कांच्या उत्पत्तीचे अनेक पर्याय तपासलेले दिसतात. ते माणसांपासून घडले असतील. किंवा ते आत्माहीन पशू असतील आणि त्यांचे बोलणे म्हणजे मुखात घातलेल्या शब्दांचा निव्वळ प्रतिध्वनी असेल. हा दुसरा पर्याय विशेष सूचक आहे. निर्दय वधाचे समर्थन करायचे, तर आधी भाषा काढून घ्यावी लागते.

यातून एक निकष हाती येतो: पात्राला वाणी दिल्यानंतर त्याचे व्यक्तित्व नाकारण्याचा अधिकार निर्मात्याला उरत नाही. हा निकष कल्पिताबाहेरून लादलेला नाही, कारण प्रतिसृष्टीला आंतरिक सुसंगती हवी, हा आग्रह टोल्किन यांचाच होता. प्रश्न केवळ रचनेचाही नाही. एखादा समूह जन्मतःच वध्य आहे, ही कल्पना माणसांच्या इतिहासात अनेक संहारांच्या मुळाशी राहिली आहे. टोल्किन यांना अखेरपर्यंत निर्णायक उत्तर सापडले नाही. परंतु प्रश्न मिटवून टाकण्याची सोय त्यांनी पत्करली नाही, यातच त्यांच्या प्रतिसृष्टीची नैतिक प्रतिष्ठा आहे.