उच्छ्वासाचे बळ

खंडेनवमीस अवजारे पुजावीत आणि दसऱ्यास दाराशी उभ्या मोटारीला झेंडूची माळ घालावी, हा आपल्याकडील रिवाज आहे. ज्या वस्तूवर आपले पोट आणि प्रवास चालतो तिच्याविषयी आपले काही कर्तव्य असते, एवढा अर्थ तरी त्यात खासच आहे. मग त्याच मोटारीच्या साध्या इंजिनास टर्बो जोडून घडणीपलीकडचे बळ तिच्याकडून काढून घ्यावे काय, हा प्रश्न केवळ कारागिराचा राहत नाही. तो नीतीचाही होतो, असे आम्हांस वाटते.

साधे इंजिन श्वास कसा घेते ते आधी पाहू. पिस्टन खाली उतरतो, सिलिंडरमध्ये पोकळी होते आणि बाहेरची हवा आपल्याच भाराने आत शिरते. वातावरण देईल तेवढेच घ्यावयाचे. टर्बोची युक्ती निराळी. धुराच्या वाटेने निघून जाणाऱ्या उष्ण वायूंवर एक लहानसे चक्र फिरते, मिनिटास लाखाहूनही अधिक फेरे घेते, आणि त्याच आसावरचे दुसरे चक्र ताजी हवा दाबून आत लोटते. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक. इंधन अधिक, म्हणून बळ अधिक. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले.

हे बळ परके आहे, यंत्राच्या स्वभावाविरुद्ध आहे, असा एक आक्षेप घेतला जातो. तो आम्हांस मान्य नाही. जो उच्छ्वास वाया जात होता त्यातूनच पुढच्या श्वासाचे बळ मिळते. यात उसने काय आहे? अगदी फुकट मिळते असे नव्हे, धुराच्या वाटेत थोडा अडथळा होतोच. तथापि १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे लिबर्टी इंजिन पाइक्स शिखरावर, १४,००० फुटांहून अधिक उंचीवर नेले, तेव्हा विरळ हवेत धाप लागलेल्या त्या इंजिनास टर्बोनेच त्याचे हरपलेले बळ परत दिले. स्वधर्मापासून ढळविणे याला म्हणता येणार नाही.

दोष असलाच तर तो अन्यत्र आहे. १९६२ साली अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या दोन शाखांनी एकाच सुमारास टर्बोच्या मोटारी बाजारात आणल्या. ओल्ड्समोबिल शाखेच्या जेटफायर मोटारीत इंजिन मिश्रणास मुळातच दहापटीहून अधिक दाबीत असे. ते प्रमाण तसेच ठेवून वर टर्बोचा दाब दिला गेला. असे केले की मिश्रण अवेळी भडकते, पिस्टनवर घणाचे घाव बसतात. मिस्त्री लोक म्हणतात, इंजिन ठोकते. हे टाळण्यासाठी पाणी व मेथॅनॉल यांचे मिश्रण आत फवारण्याची योजना होती, आणि त्याची निराळी टाकी मालकाने भरीत राहावी अशी अपेक्षा होती. मालक विसरत. टाकी कोरडी पडली की एक झडप टर्बोचा दाब रोखून धरी. मोटार मंदावे आणि मालक कुरकुरत. अखेर कित्येक गाड्यांतून टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसविण्यात आले. १९६३ नंतर जेटफायर निघाली नाही.

दुसरी मोटार शेव्हरोलेची कॉर्व्हेअर. अन्य कारणांनी तिची पुढे पुष्कळ अपकीर्ती झाली, ती गोष्ट वेगळी. येथे मात्र कारागिरांनी इंजिनाचे आतले दाबप्रमाण नऊपटीवरून आठपटीवर उतरविले, क्रँकशाफ्ट अधिक मजबूत पोलादाचा केला आणि मग टर्बो बसविला. तिची ही आवृत्ती १९६६ पर्यंत टिकली. बाहेरचा दाब स्वीकारावयाचा तर आतला दाब आधी कमी करावा लागतो, ही गोष्ट आम्हांस फार विचार करण्याजोगी वाटते. पतंजलींच्या अष्टांगांत आसन तिसरे आणि प्राणायाम चौथा. देह स्थिर झाल्याखेरीज श्वासाला हात घालू नये, असाच तो क्रम आहे.

आता आपल्या रस्त्यांवरची गोष्ट. हौशी मालक टर्बो आणतो, पण दाबाने तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, पुरेसे तेल, बळकट पिस्टन आणि जोडदांडे, क्लच आणि विशेषतः ब्रेक यांचा खर्च ऐकला की थबकतो. तेवढ्या पैशांत कारखान्यातूनच टर्बोसह निघालेली मोटार घेणे बहुधा शहाणपणाचे. पण हौस हिशेब ऐकत नाही. बैलावर फाजील ओझे लादले तर तो बसकण मारतो, त्याचा नकार आपल्याला दिसतो. इंजिनास नकार देता येत नाही. मोडेपर्यंत ते आज्ञा पाळते. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडून काम घेणाऱ्याची जबाबदारी म्हणूनच अधिक. अलीकडच्या इंजिनांत ठोका ऐकून ठिणगी मागे घेणारा संवेदक असतो. काही ठिकाणी अधिक बळाच्या लोभाने संगणकातील नोंदी फिरवून त्यालाही गप्प केले जाते. हे आम्हांस टर्बोहून कितीतरी गंभीर वाटते.

शिवाय मोटार एकट्या मालकाची नसते. मागच्या आसनावर देवदर्शनास निघालेली वडीलधारी माणसे असतात, समोरून रस्ता ओलांडणारा अनोळखी माणूस असतो. कारखान्याने दिलेल्या वर्णनाशी न जुळणारा बदल परस्पर करू नये, असे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते. पण कायद्याची नजर चुकविणाऱ्यांसही एक माणूस भेटतोच; तो म्हणजे ती मोटार पुढे विकत घेणारा. मूळचे भाग पुन्हा बसवून गाडी सोज्ज्वळ करून विकण्याची चाल आहे. आत किती घाव बसले आहेत हे त्या बिचाऱ्यास कोठून कळावे? आमच्या मते विकणाऱ्याने सौदा ठरण्यापूर्वी सर्व सांगितले पाहिजे; आणि टर्बो होता एवढेच नव्हे, तर दाब किती ठेवला होता, पिस्टन बदलले होते की नाही, आणि इंजिन कधी ठोकले होते काय, हेही.