दवा, दुआ आणि एस.टी.चे भाडे

आमच्या वर्गातला एक मुलगा दर गुरुवारी गैरहजर असायचा. कारण विचारले की खाली मान घालून म्हणायचा, "सर, अम्मी को हाजरी को लेके जाते." चार महिने आम्ही हजेरीपटावर 'गै' लिहीत राहिलो. मग कळले, त्याची आई रात्र रात्र जागते, भिंतीशी बोलते. म्हणून घरचे तिला दर्ग्यावर नेतात.

आम्ही समजवायला गेलो. बी.एड.ला मानसशास्त्र शिकलेलो, त्याचा जोर होता. म्हणालो, हा कुणाचा साया नव्हे, आजार आहे; नाशिकला डॉक्टर आहेत. मुलाची नानी शांतपणे म्हणाली, "मास्टरसाब, दर्गे पे कोई फीस नहीं पूछता."

आम्ही निरुत्तर झालो. दिंडोरीच्या द्राक्षबागांत रोजाने जाणारे ते घर. आजारी माणूस एकटा जाऊ शकत नाही, म्हणजे भाडे दोघांचे, बुडालेली मजुरीही दोघांची. वर फी आणि गोळ्या. बरे वाटले म्हणून त्या मनाने थांबवता येत नाहीत, म्हणजे हा खर्च दर महिन्याचा.

अंधश्रद्धा म्हणून बोट दाखवणे सोपे आहे. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयस्थानात आग लागली आणि साखळीने बांधलेले 28 मनोरुग्ण मेले. त्यांना तिथे आणून सोडणारे सगळेच निर्दय होते काय? आम्हाला तसे वाटत नाही. आणि आमचा वारसा तरी काय सांगतो? दहाव्या शतकात वारलेल्या अबू झैद अल्-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोघांच्या निगेवर एकच ग्रंथ लिहिला होता. दवा केली म्हणून दुआ कमी होत नाही, हे आम्ही नानीला सांगितले. तिला ते आधीच मान्य होते.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीला बंदी केली. दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला, कार्ड हाती नसले तरी, सरकारी ठिकाणी उपचार मोफत ठरवले. 2022 पासून टेली-मानसचा 14416 हा फुकटचा नंबर आहे. हे सगळे आम्हाला पाठ होते. मग मोहल्ल्यात कुणालाच कसे ठाऊक नव्हते?

इथे आमची गोष्ट सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या भावाने बोलणे, जेवणे सोडले. आम्ही त्याला नाशिकला नेले नाही. तिथे ओळखीचे कुणी भेटेल ही धास्ती. पुण्याला नेले, मोहल्ल्यात पोटाचा अल्सर सांगितला. बहिणीचा रिश्ता चालू होता. भाऊ सुधारला, आज दुकान सांभाळतो. पण लोकांच्या लेखी त्याचा अल्सर बरा झाला! त्यांनी तावीज बांधलेले पाहिले, गोळीने सावरलेला माणूस पाहिलाच नाही. इज्जत आम्ही राखली, तिची किंमत मात्र त्या नानीच्या घराने मोजली. आमच्याजवळ पैसा होता म्हणून आम्हाला लपवता आले, हेही खरेच.

मग पुन्हा गेलो आणि भावाचे सगळे सांगितले. नानी बराच वेळ गप्प होती. मग विचारले, "गोली से नींद आती क्या उसको?"

"आती है," आम्ही म्हणालो.

पुढच्या सोमवारी मुलगा गैरहजर होता. सिव्हिलला गेले होते. गुरुवारीही नव्हता. आम्ही दोन्ही दिवशी 'गै' लिहिले.