साक्ष स्वतःविरुद्धही

सीमावाद नकाशापेक्षा सरकारांच्या कथनात अधिक जगतो. बेळगावचेच पाहा. महाजन आयोगाने १९६७ मध्ये बेळगाव कर्नाटकात ठेवले, पण निपाणी-खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्राला देण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने अहवाल नाकारला; कर्नाटकाने तोच अंतिम मानण्याचा आग्रह धरला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. दोन्ही सरकारांनी आपापल्या जनतेला एकच शिकवले: तडजोड म्हणजे विश्वासघात. मग एक गाव सोडण्याचे धैर्य कोणता मंत्री दाखवील? मराठीतून सरकारी कागद मागणारा सीमाभागातील माणूस मात्र ताटकळत राहतो. न्यायाची साक्ष स्वतःविरुद्धही द्यावी लागते, हे श्रद्धावंत जाणतो. आपल्याच सरकारचे कथन ऐकताना आपण ही कसोटी लावतो काय?