फळावरून कर्माची पारख

एखाद्या कृत्याचा शेवट गोड झाला म्हणजे तें कृत्य न्याय्य ठरतें काय, हा नीतिशास्त्रांतील जुना प्रश्न आहे. आणि युरोपियनांच्या सागरसंचाराचा इतिहास वाचतांना तो फिरून फिरून पुढें उभा राहतो. कोलंबस निघाला नसता तर पृथ्वीचे दोन भाग एकमेकांस अनोळखी राहिले असते, भूगोल अपुरा व व्यापार तोकडा राहिला असता. तेव्हां मध्यंतरीं जें कांहीं वाईट घडलें त्याचा विषाद कशाला मानावा, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या म्हणण्यांत तथ्य किती, तें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मिरीं, लवंग, जायफळ हे जिन्नस अरब व व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या हातून फिरत युरोपांत पोंचत, तेव्हां त्यांची किंमत अनेक पट झालेली असे. मधले दलाल टाळावे ही पोर्तुगाल व स्पेन यांची इच्छा. धर्मप्रसाराचा उत्साह आणि राजाराजांतील चढाओढ यांनीं तिला बळ दिलें. १४९२ सालीं कोलंबस पश्चिमेकडे गेला, १४९८ सालीं वास्को द गामा कालिकतास उतरला. मध्यंतरीं, १४९४ सालीं, तोर्देसिल्यासच्या तहानें या दोन राज्यांनीं समुद्रावर एक रेघ ओढून, बहुतांशीं न पाहिलेली भूमि आपसांत वांटून घेतली. तेथील रहिवाशांस कोणी विचारलें नाहीं. पुढील अनर्थाचें बीज आमच्या मतें येथेंच आहे.

तो अनर्थ लहान नव्हता. १५२० सालीं देवीची सांथ मेक्सिकोंत शिरली व तिनें असंख्य माणसें नेलीं. १५४५ सालीं पोतोसी येथें रुप्याचा डोंगर सांपडला, आणि तेथील खाणींत आसपासच्या गांवांतून माणसें वेठीनें धाडण्यांत येऊं लागलीं. आफ्रिकेंतून पुढील साडेतीन शतकांत सुमारें सव्वा कोटि माणसें गुलाम म्हणून जहाजांत भरलीं गेलीं. त्यांपैकीं सुमारें अठरा लाख वाटेंतच मेलीं.

उलट बाजूची यादीहि लहान नाहीं. एकादशीची खिचडीच घ्या. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, भुईमूग आणि मिरची हीं चारहि मूळचीं अमेरिकेचीं. चीनपासून आयर्लंडपर्यंत कोट्यवधि लोक मका, रताळें व बटाटा यांवर जगले. तेव्हां जमेची बाजू भारी नाहीं काय?

परंतु या जमाखर्चांत एक मोठा दोष आहे. जमा एकाच्या नांवावर आणि खर्च दुसऱ्याच्या! पोतोसीच्या खाणींत जो मेला त्याला आमच्या मिरचीचा काय उपयोग? कोणताहि प्रामाणिक कारकून दोन निराळ्या खातेदारांच्या रकमा अशा परस्पर वळत्या करणार नाहीं. मग नीतीच्या वहींतच ही मोकळीक कशी चालावी? शिवाय हें फळ त्या जुलमावांचून मिळालें नसतें, असेंहि नाहीं. बीं व रोप हीं व्यापारानेंहि देशोदेशीं जातात. त्यांकरितां गांवें उजाड करावीं लागत नाहींत.

यावर आक्षेप येतो, कीं त्या काळच्या माणसांस आजच्या मापानें मोजूं नये. बरें, त्या काळच्याच मापानें मोजूं. १५११ सालीं हिस्पानिओला बेटांत मोंतेसीनोस नांवाच्या धर्मोपदेशकानें आपल्याच वसाहतवाल्यांस, हीं माणसें नव्हेत काय, असा भर मंदिरांत जाब विचारला. १५३९ सालीं सालामांका येथील अध्यापक वितोरिया यानें, हे लोक आपल्या भूमीचे खरे धनी आहेत, असें प्रतिपादिलें. १५५० सालीं वायादोलीद येथें राजाज्ञेनें वादसभा भरली. सेपुल्वेदानें ॲरिस्टॉटलच्या आधारें, कांहीं माणसें स्वभावतःच दास्याकरितां असतात, असा पक्ष मांडला. लास कासासनें तो खोडून काढण्यासाठीं आपली सारी विद्वत्ता खर्च केली. निर्णय जाहीर झाला नाहीं. पण प्रश्न कळला नव्हता, असें म्हणण्यास मात्र जागा उरली नाहीं.

लास कासासच्याच चरित्रांत आणखी एक बोध आहे. स्वतःच्या ताब्यांतील वेठीचे मजूर त्यानें १५१४ सालीं सोडून दिले. परंतु अमेरिकेंतील रहिवाशांचे हाल थांबावे म्हणून आफ्रिकेंतून गुलाम आणावे, अशी सूचनाहि त्यानेंच केली! पुढें त्यास पश्चात्ताप झाला व तो त्यानें लिहूनहि ठेविला. दयाळू मनुष्याच्या दयेलाहि कुंपण असतें, आणि कुंपणापलीकडच्याचें दुःख त्याच्या हिशेबांत येत नाहीं, हें यावरून दिसतें.

आणि हा दोष केवळ परकीयांचा आहे काय? जन्मावरून मनुष्याची योग्यता ठरविण्याची विद्या आमच्या देशांत सेपुल्वेदाहून फार जुनी आहे. त्या व्यवस्थेनें समाज टिकला, म्हणून ती योग्यच, हा कोटिक्रम आम्हीं सुशिक्षितांच्या घरींहि ऐकिला आहे. समाज टिकला खरा. पण कोणाच्या पाठीवर? येथेंहि जमा एकाची आणि खर्च दुसऱ्याचा. युरोपास जें माप लावावयाचें तें स्वतःस लावण्यास जो कचरतो, त्याच्या न्यायबुद्धीचें मोल फारसें नाहीं.

मग पानांतल्या मिरचीचें काय करावें? ती टाकून दिल्यानें मेलेल्यांस न्याय मिळत नाहीं. पूर्वजन्मींच्या पातकासारखा तो दोष आपल्या माथीं मारावा, असेंहि आम्ही म्हणत नाहीं. भोगणारा अपराधी नसला तरी ऋणी असतो; आणि ऋणाचा पहिला नियम असा, कीं तें नाकारूं नये. फळ गोड आहे, तें खावें. पण त्याच्या गोडीनें झाडाच्या मुळाशीं सांडलेलें रक्त धुवून निघालें, असें मुलांस शिकवूं नये.