प्रार्थनेतील शब्द कोणासाठी?

ईश्वर सर्वज्ञ असेल, तर त्याला काही सांगण्याचे प्रयोजन काय? हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने इ. स. 397 च्या सुमारास लिहावयास घेतलेल्या ‘कन्फेशन्स’च्या अकराव्या भागाच्या आरंभी हा प्रश्न त्याने स्वतःच उपस्थित केला आहे. ही संपूर्ण संहिता ईश्वराला उद्देशून आहे. वाचणार आहेत मात्र माणसे. संबोधित एक आणि वाचक दुसरा, अशा या रचनेत कबुलीचे प्रदर्शन होण्याचा नैतिक धोका उघड आहे.

ऑगस्टीनला त्याची जाणीव होती. स्तुतीची आवड आपल्यात अद्याप उरली आहे, हे तो दहाव्या भागात मान्य करतो. सोळाव्या वर्षी केलेली नासपतींची चोरी तो सांगतो, तेव्हा ईश्वराला नवी माहिती मिळत नाही. भूक नसताना चोरी का केली, हे कोडे सांगणाऱ्यापुढेच उभे राहते.

प्रोबा या रोमन विधवेस 412 च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात या प्रश्नाचे उत्तर सापडते. प्रार्थनेतील शब्द ईश्वराला कळावे म्हणून नसतात. प्रार्थना करणाऱ्याची इच्छा जागी राहावी म्हणून असतात. हे मान्य केले, तर प्रामाणिकपणाचा निकषच बदलतो. कबुली किती खरी, एवढे पाहून भागत नाही. ती दिल्यानंतर सांगणारा पूर्वीचाच राहिला काय, हेही पाहावे लागते. आणि हा निर्णय वाचकाच्या हाती नाही. ऑगस्टीन त्याच्याकडे न्याय मागत नाही. सोबत प्रार्थना करण्याची विनंती करतो.